एक भागाकार आणि एक गुणाकार

घरातल्या विजेचा हिशेब स्वतः कसा करावा?

वाण्याची यादी घरात आली की आपण ती डोळ्यांखालून घालतो. तूरडाळ किती, साखर किती, भाव काय लावला, बेरीज जुळते ना, हे पाहिल्याशिवाय पैसे देत नाही. दूधवाल्याचे खाडे कॅलेंडरवर मांडून ठेवणाऱ्या गृहिणी तर घरोघर आहेत. परंतु विजेचे बिल हातात पडले की हीच चोखंदळ माणसे एकदम शरण जातात. "या महिन्यात फारच आलं बाई!" एवढे म्हणायचे आणि भरून टाकायचे. वीज डोळ्यांना दिसत नाही, शेरा-पायलीने मोजता येत नाही. तेव्हा तिचा हिशेब हे आपले काम नव्हे, ते वायरमनचे आणि इंजिनिअरचे, अशी आपली एक समजूत झालेली असते.

ही समजूत निखालस चुकीची आहे. विजेच्या हिशेबाला मुख्यतः दोनच आकडे लागतात. एक व्होल्टचा, दुसरा अँपिअरचा. पहिल्याला दुसऱ्याने भागले की रोध मिळतो आणि दोघांचा गुणाकार केला की शक्ती मिळते. शाळेत पाचवी-सहावीत असलेला आपला बंडूसुद्धा हे गणित करील. एवढ्या भांडवलावर बिल कशाने वाढले ते तर समजतेच. पण त्याहून मोलाची गोष्ट ही, की घरात धोका नेमका कोठे दबा धरून बसला आहे तेही समजते.

टाकी, नळ आणि पाणी

प्रथम शब्दांची ओळख करून घेऊ. इमारतीच्या गच्चीवर पाण्याची टाकी असते. टाकी जितकी उंच तितका नळाला जोर अधिक. विजेच्या बाबतीत या जोराला 'दाब' म्हणतात आणि तो व्होल्टमध्ये मोजतात. आपल्या घरांत तो २३० व्होल्ट असतो, निदान असावा अशी अपेक्षा असते. नळातून दर मिनिटाला किती पाणी वाहते हे जसे सांगता येते, तसे तारेतून किती वीज वाहते ते अँपिअरमध्ये सांगतात. हा झाला 'प्रवाह'. आणि नळ अरुंद असला, गंजलेला असला, अर्धवट फिरवलेला असला, म्हणजे पाण्याला जी आडकाठी होते, तिच्या जोडीची विजेतली आडकाठी म्हणजे 'रोध'. त्याचे माप ओहम.

एक व्होल्ट दाब दिला असता ज्या तारेतून एक अँपिअर प्रवाह वाहतो, तिचा रोध एक ओहम. म्हणजेच दाबाला प्रवाहाने भागायचे, की रोध हाती आला. हाच तो भागाकार. आज तो आपल्याला इतका सरळ वाटतो, की एवढ्याशा गोष्टीसाठी एका माणसाला आपल्या आयुष्याची ऐन उमेदीची वर्षे खर्ची घालावी लागली, यावर विश्वास बसत नाही.

कुलपे करणाऱ्याचा मुलगा

त्या माणसाचे नाव गेऑर्ग सिमॉन ओहम. जर्मनीतील एर्लांगेन गावी १७८९ साली त्याचा जन्म झाला. बाप कुलपे तयार करण्याचा धंदा करी. त्याचे रीतसर शिक्षण झालेले नव्हते, पण त्याने स्वतःच्या हिमतीवर गणित आत्मसात केले आणि आपल्या मुलांना शिकवले. गेऑर्ग पुढे शाळामास्तर झाला. १८१७ साली कोलोन येथील एका शाळेत त्याला जागा मिळाली. तेथील प्रयोगशाळा बऱ्यापैकी सुसज्ज होती, आणि शिकवणी संपली की मास्तर तीत जाऊन बसत.

व्होल्टाने विजेची पहिली बॅटरी १८०० साली करून दाखवली होती. परंतु त्या काळच्या बॅटऱ्या मोठ्या लहरी. प्रयोग सुरू करताना जोर एक, संपताना भलताच. मापच असे सरकत राहिले तर नियम सापडणार कसा? तेव्हा ओहमने पोगेनडॉर्फ या शास्त्रज्ञाच्या सूचनेवरून निराळा मार्ग धरला. बिस्मथ आणि तांबे या दोन धातूंचे सांधे केले. एक सांधा उकळत्या पाण्यात ठेवला आणि दुसरा बर्फात. दोन्हींच्या उष्णतामानात फरक असेपर्यंत त्यातून मंद पण अगदी एकसारखी वीज मिळते. पाणी उकळत राहिले आणि बर्फ वितळत राहिला, की दाब हलायचे नाव नाही. मग त्याने कमीअधिक लांबीच्या तांब्याच्या तारा एकामागून एक जोडल्या आणि चुंबकसूची किती वळते ते टिपून ठेवले. तार लांब केली की प्रवाह कमी होई, आणि तो ठराविक हिशेबानेच कमी होई.

१८२७ साली त्याने हे सारे पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. गौरव तर दूरच राहिला. त्याच्या देशात अनेक विद्वानांनी त्याकडे पाठच फिरवली. ओहमने कोलोनची नोकरी सोडली, आणि मनाजोगत्या जागेसाठी त्याला कित्येक वर्षे वाट पाहावी लागली. १८३३ साली न्यूरेंबर्गच्या तंत्रविद्यालयात त्याला अध्यापकाचे काम मिळाले. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ साली त्याला कोपली पदक दिले आणि मग कोठे जगाला जाग आली. म्युनिक येथे विद्यापीठात पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक होण्याचा योग १८५२ साली आला आणि दोनच वर्षांनी, १८५४ मध्ये, तो वारला. पॅरिसच्या १८८१ सालच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत विजेची मापे ठरली, तेव्हा रोधाच्या मापाला त्याचे नाव देण्यात आले.

यात आणखी एक गंमत आहे. इंग्लंडमधील हेन्री कॅव्हेंडिश या विक्षिप्त शास्त्रज्ञाला हाच नियम ओहमच्याही आधी, १७८१ च्या सुमारास गवसला होता. त्या वेळी प्रवाह मोजण्याचे यंत्र अस्तित्वात नव्हते. म्हणून त्याने स्वतःचे शरीरच यंत्र केले. वेगवेगळ्या खारट पाण्यांतून येणारा विजेचा झटका स्वतः घ्यायचा आणि कोणता जोराचा, कोणता हलका, हे टिपून ठेवायचे! हे टिपण त्याने कोणाला दाखवले नाही. जवळजवळ शंभर वर्षांनी, १८७९ साली, मॅक्सवेलने त्याचे कागद छापले तेव्हा ते उजेडात आले.

आता गुणाकार

दाब आणि प्रवाह यांचा गुणाकार केला की शक्ती मिळते, आणि ती वॅटमध्ये मोजतात. वाफेच्या यंत्रासाठी विख्यात असलेल्या जेम्स वॅटचे हे नाव. इस्त्री, गीझर, मिक्सर, कोणतीही वस्तू उलटी करून पाहा. तिच्यावर लावलेल्या लहानशा पट्टीवर व्होल्ट आणि वॅट छापलेले असतात. वॅटला व्होल्टने भागा, अँपिअर मिळाले. मग व्होल्टला त्या अँपिअरने भागा, ओहम मिळाले. आपण तीन वस्तूंचे गणित करून पाहू.

६० वॅटचा जुन्या तऱ्हेचा, तारेचा दिवा: प्रवाह ०.२६ अँपिअर, रोध सुमारे ८८० ओहम.
१,००० वॅटची इस्त्री: प्रवाह ४.३५ अँपिअर, रोध सुमारे ५३ ओहम.
२,००० वॅटचा गीझर: प्रवाह ८.७ अँपिअर, रोध सुमारे २६ ओहम.

या आकड्यांकडे नीट पाहा. पुष्कळांची अशी कल्पना असते की जी वस्तू अधिक तापते तिचा रोध अधिक. येथे तर उलटेच दिसते! गीझरचा रोध सर्वांत कमी आणि ताप सर्वांत अधिक. दाब सगळ्यांना सारखाच, २३० व्होल्ट. तेव्हा ज्याची आडकाठी कमी त्याच्यातून प्रवाह जास्त, आणि प्रवाह जास्त म्हणून शक्ती जास्त.

पूर्वी घरोघरी विजेच्या उघड्या शेगड्या असत, त्यांची आठवण वडीलधाऱ्या वाचकांना असेल. आतली वेटोळ्याची तार तुटली की जळका तुकडा काढून टाकायचा, उरलेली दोन टोके पिळून जोडायची, आणि "बघा, आता कशी आधीपेक्षा लाल होते!" म्हणून दुरुस्ती करणाऱ्याने मिशीवर ताव द्यायचा. ती आधीपेक्षा लाल का होई? समजा १,००० वॅटच्या शेगडीची पाचव्या हिश्शाइतकी तार काढून टाकली. रोध ५३ वरून सुमारे ४२ ओहमवर आला, प्रवाह ४.३५ वरून ५.४ अँपिअरवर गेला आणि शक्ती झाली १,२५० वॅट. तार मात्र हजार वॅटपुरतीच घडवलेली. म्हणून ती लवकरच पुन्हा तुटे. दुरुस्तीतच पुढच्या मोडतोडीचे बी पेरलेले असे.

येथे दोन पुस्त्या जोडणे अवश्य आहे. दिव्याच्या तारेचा रोध तापल्यावर खूप वाढतो. थंड असताना तो दहाव्या हिश्शाहूनही कमी असतो. म्हणूनच असा दिवा बहुधा बटण दाबता क्षणीच जातो, कारण त्या क्षणी प्रवाहाचा लोंढा सर्वांत मोठा असतो. दुसरे असे, की पंखा, फ्रीज यांसारख्या मोटरच्या वस्तूंत व्होल्ट आणि अँपिअर यांचा निव्वळ गुणाकार खऱ्या वॅटपेक्षा थोडा जास्त येतो. तेथे पट्टीवरचे वॅटच प्रमाण मानावेत. तापणाऱ्या वस्तूंना मात्र आपला गुणाकार तंतोतंत लागू पडतो.

अभ्यंगस्नानाचे गणित

हजार वॅटची वस्तू तासभर चालली की एक युनिट. बिलात मोजतात ते हेच. एका युनिटात ८६० किलोकॅलरी उष्णता असते, आणि एक लिटर पाणी एक अंश सेल्सिअसने तापवायला एक किलोकॅलरी लागते. आता नरकचतुर्दशीची पहाट डोळ्यांसमोर आणा. उटणे तयार आहे, मुले कुडकुडत पाटावर बसली आहेत, आणि न्हाणीघरातल्या गीझरमध्ये १५ लिटर पाणी २० अंशांवरून ५० अंशांवर न्यायचे आहे. पंधरा गुणिले तीस म्हणजे ४५० किलोकॅलरी. तिला ८६० ने भागा: अर्ध्या युनिटाहून किंचित अधिक. २,००० वॅटच्या गीझरला याला सुमारे १६ मिनिटे लागतील.

परंतु त्या पहाटे सगळ्या इमारतीतले गीझर एकाच वेळी सुरू झालेले असतात. समजा, त्यामुळे दाब २३० वरून १८४ व्होल्टवर उतरला. तो एक पंचमांशाने कमी झाला, तेव्हा शक्तीही तेवढीच कमी होईल, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात दाब उतरला म्हणून प्रवाहही उतरतो. दोन्ही आकडे घटल्याने गुणाकार दुहेरी घटतो. २,००० वॅटचा गीझर १,२८० वॅटवर येतो, आणि १६ मिनिटांचे काम साडेचोवीस मिनिटांवर जाते. गीझर बिघडलेला नसतो. बिल मात्र जवळजवळ तेवढेच येते, कारण पाण्याला लागणारी उष्णता तीच.

घरखर्चाच्या दृष्टीने यातले सार एवढेच, की तापवणारी यंत्रे थोडा वेळ चालूनही बिलाचा मोठा घास घेतात. ६० वॅटचा जुना दिवा रोज पाच तास जळला तर महिन्याला ९ युनिटे होतात. तेवढाच उजेड देणारा ९ वॅटचा एलईडी दिवा सव्वा ते दीड युनिटात भागवतो. आणि महिनाभर रोज चौघांसाठी चार वेळा १५ लिटर पाणी असेच तापवले, तर एकट्या गीझरची ६० युनिटांहून जास्त होतात. बिल का वाढले याचा शोध कोठून सुरू करायचा, हे आता वेगळे सांगायला नको.

वर्गाचा तडाखा

इंग्लंडमधल्या एका मद्य-उत्पादकाचा मुलगा जेम्स जूल याने १८४० च्या सुमारास आणखी एक गोष्ट शोधून काढली. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. प्रवाह दुप्पट तर उष्णता चौपट. प्रवाह तिप्पट तर उष्णता नऊपट. प्रवाहाला प्रवाहाने गुणून रोधाने गुणले की किती वॅट उष्णता होते ते मिळते.

हा वर्ग इतका जबरदस्त आहे की त्यापुढे मोठमोठ्या वीजकेंद्रांनाही नमते घ्यावे लागते. कोयनेची वीज १९६२ साली सुरू झाली आणि २,२०,००० व्होल्टच्या दाबाने दूरवर जाऊ लागली. एवढा प्रचंड दाब कशाला? दहा लाख वॅट शक्ती २३० व्होल्टने पाठवायची म्हटली तर सुमारे ४,३५० अँपिअर प्रवाह लागेल. २,२०,००० व्होल्टने पाठवली तर अवघे साडेचार अँपिअर पुरतात. प्रवाह साडेनऊशे पटींनी कमी. त्यामुळे त्याच तारेत वाया जाणारी उष्णता सुमारे नऊ लाख पटींनी कमी! दाब चढवला नसता तर कोयनेची वीज वाटेतल्या तारा तापवण्यातच संपली असती.

घरात आपल्याला दाब चढवता येत नाही. तो २३० व्होल्टच असणार. म्हणून घरातल्या तारेवर, प्लगवर आणि सांध्यावर या वर्गाची नजर सदैव असते.

एका भोकातून चौघांची भूक

स्वयंपाकघरात भिंतीवर एकच लहान सॉकेट आणि त्याला लोंबणारा एक्स्टेन्शन बोर्ड, हे दृश्य आपल्याकडे नवे नाही. लहान सॉकेट ६ अँपिअरचे असते. गुणाकार करा: ६ गुणिले २३० म्हणजे १,३८० वॅट. त्याची ताकद इथे संपली. मोठे सॉकेट १६ अँपिअरचे, म्हणजे ३,६८० वॅटचे. आता सकाळच्या घाईत त्या लहान सॉकेटच्या बोर्डावर ५०० वॅटचा मिक्सर, ८०० वॅटचा टोस्टर आणि १,५०० वॅटची किटली एकदम लागली. बेरीज २,८०० वॅट, प्रवाह १२ अँपिअरच्या वर. बोर्डाला तीन भोके आहेत म्हणून त्याची ताकद तिप्पट होत नाही. एका बैलाच्या गाडीत तिघांचे सामान भरले, तरी बैल एकच राहतो.

त्या बोर्डाची तार पाच मीटर लांब आणि एक चौरस मिलिमीटर जाडीची धरू. जाण्यायेण्याचा मिळून तिचा रोध सुमारे ०.१८ ओहम. सहा अँपिअरला तीत साडेसहा वॅट उष्णता होते. बारा अँपिअरला ती सुमारे २७ वॅट होते. मोकळ्या हवेत ती निघून जाईल. पण तीच तार गुंडाळी करून सतरंजीखाली सरकवली असेल, तर उष्णतेला वाट उरत नाही. ती साठत जाते आणि तारेवरचे प्लास्टिक मऊ पडू लागते.

एमसीबीला न दिसणारा चोर

"आमच्याकडे एमसीबी आहे. काही झालं तर तो आपोआप पडेल," असे म्हणून आपण निश्चिंत होतो. एमसीबी हा पहारेकरी खरा, पण तो फक्त एकच गोष्ट पाहतो: प्रवाह फाजील वाढला का? जो धोका प्रवाह वाढवीत नाही तो त्याला दिसतच नाही. सैल प्लग हा असा धोका आहे.

पुन्हा आपला २,००० वॅटचा गीझर घेऊ. प्लग घट्ट बसलेला असताना सांध्याचा रोध ओहमच्या काही हजारांश भागांइतकाच असतो. तेथे उष्णता नावालाही होत नाही. पण काही वर्षांनी सॉकेटमधली पितळी पट्टी सैल पडली, तिच्यावर काजळी धरली आणि सांध्याचा रोध अर्धा ओहम झाला. अर्धा ओहम म्हणजे काय मोठेसे! पण गणित करा. एकूण रोध सुमारे साडेसव्वीसवरून सत्तावीसवर गेला, प्रवाह ८.७ वरून ८.५ अँपिअरवर उतरला. एमसीबीच्या दृष्टीने सारे आधीपेक्षाही चांगले चालले आहे! आणि त्या सांध्यात? साडेआठ गुणिले साडेआठ गुणिले अर्धा: ३६ वॅट. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची डाग देण्याची सळई २५ वॅटची असते आणि ती कथील वितळवते. म्हणजे तसल्या दीड सळया तुमच्या सॉकेटच्या आत, प्लास्टिकला टेकून, रोज सकाळी तापत आहेत. उष्णतेने पट्टी आणखी सैल होते, रोध आणखी वाढतो, आणि वणवा आपल्याच वाऱ्याने भडकावा तसा हा प्रकार वाढत जातो.

पहारेकऱ्याला दिसत नाही ते घरच्या माणसाने पाहायचे. प्लगची पिन पिवळी-काळी पडली आहे, सॉकेटभोवती डाग आला आहे, जळक्या प्लास्टिकचा वास येतो, गीझर चालू असताना दिवा फडफडतो, बटण बंद करून प्लग काढला तर तो हाताला चटका देतो: यांपैकी एक खूण जरी दिसली, तरी ते सॉकेट त्याच दिवशी बदलून घ्यावे. सॉकेटची किंमत ती किती! अर्ध्या ओहमची किंमत आता आपल्याला कळली आहे.

दिव्यांची माळ

दिवाळीचा विषय निघाला की माळेला विसरून चालणार नाही. हल्ली एलईडीच्या माळा आल्या, पण लहान लहान तारेच्या दिव्यांच्या जुन्या माळा अजूनही काही माळ्यांवर जपून ठेवलेल्या असतात. सहा व्होल्टचा इवलासा दिवा २३० व्होल्टवर जगतो कसा? ३८ दिवे एकामागून एक ओवले की प्रत्येकाच्या वाट्याला सहा व्होल्ट येतात. अडतीस सख्खी भावंडे आणि एकच वारसा! एक दिवा गेला की वाट तुटते आणि सारी माळ अंधारते. मग घरातला एखादा हौशी माणूस गेलेला दिवा काढून दोन तारा जोडून टाकतो. माळ पेटते. असे पाच दिवे वगळले की ३३ उरतात आणि प्रत्येकाला जवळजवळ सात व्होल्ट सोसावे लागतात. ते अधिक झगझगतात, मुले टाळ्या पिटतात, आणि भाऊबीजेच्या आत आणखी चार दिवे जातात.

पण यापेक्षा गंभीर गोष्ट निराळीच आहे. दिवा काढलेल्या रिकाम्या खाचेत किती व्होल्ट असतात? सहा नव्हे. प्रवाहच थांबलेला असल्याने बाकीचे दिवे आपल्यासाठी काहीच राखून ठेवत नाहीत आणि पूर्ण २३० व्होल्ट त्या एका खाचेच्या दोन टोकांवर येऊन उभे राहतात. लहान मुलाचे बोट सहज जाईल एवढी ती खाच असते. म्हणून माळेला हात लावण्यापूर्वी नुसते बटण बंद करून भागत नाही. प्लगच काढून ठेवला पाहिजे.

शेवटचा भागाकार

आपल्या शरीरालाही रोध असतो. कोरड्या कातडीचा तो पुष्कळच असतो, पण ओल्या अंगाचा हजार ओहमच्या आसपास उतरतो. २३० भागिले १,००० म्हणजे ०.२३ अँपिअर. ६ किंवा १६ अँपिअरवर लक्ष ठेवणाऱ्या एमसीबीला हा आकडा म्हणजे किस झाडकी पत्ती. पण हृदयाची लय बिघडवायला तो पुरेसा असतो. न्हाणीघरात गीझरची पत्र्याची टाकी आतून विजेला चिकटली आणि ओल्या हाताने कोणी तिला स्पर्श केला, तर हा भागाकार प्रत्यक्षात घडतो.

त्यासाठीच प्लगला तिसरी, जाड पिन असते. ती टाकीला जमिनीशी जोडते. या वाटेचा एकूण रोध एक ओहम असेल तर बिघाड होताच २३० अँपिअर धावतात आणि एमसीबी तत्काळ पडतो. पण अर्थिंगची तार गंजली असेल, तिचा रोध ५० ओहम झाला असेल, तर २३० भागिले ५० म्हणजे केवळ ४.६ अँपिअर! एमसीबी पडत नाही आणि टाकी जिवंत राहते. तिसरी पिन आहे म्हणजे अर्थिंग आहे, असे समजू नये. ते वायरमनकडून मोजून घ्यावे. आणि घरात आरसीसीबी अवश्य बसवावा. घरगुती आरसीसीबी बहुधा ३० मिलिअँपिअरचा, म्हणजे ०.०३ अँपिअरचा असतो. गेलेला प्रवाह आणि परत आलेला प्रवाह यांत एवढा जरी फरक पडला, तरी तो डोळ्याचे पाते लवते न लवते तोच वीज तोडतो. त्यावरचे परीक्षेचे बटण अधूनमधून दाबून तो जागा आहे ना, हे पाहावे.

सुट्टीतला एक प्रयोग

हे सारे आकडे पुस्तकी वाटत असतील तर मुलांना सुट्टीत एक प्रयोग करायला सांगा. कोठेही स्क्रू काढायचा नाही, कोणत्याही तारेला हात लावायचा नाही. आजच्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकतो, आणि किती लुकलुकींचे एक युनिट तो आकडा मीटरवरच छापलेला असतो. समजा तो ३,२०० आहे. घरातील बाकी सर्व काही बंद करून फक्त गीझर चालू ठेवा आणि घड्याळ लावून एक मिनिट लुकलुकी मोजा. १०७ आल्या, तर १०७ गुणिले ६० भागिले ३,२०० म्हणजे सुमारे दोन युनिटे तासाला, अर्थात २,००० वॅट. त्याला २३० ने भागा: ८.७ अँपिअर. पुन्हा २३० ला ८.७ ने भागा: सुमारे २६ ओहम. गीझर न उघडता त्याच्या पोटातल्या तारेचा रोध घरातल्या मुलाने काढला! कुलपे करणाऱ्याच्या मुलाने उकळते पाणी आणि बर्फ घेऊन जे केले, त्याचेच हे धाकटे भावंड.

मग सगळे बंद करूनही मीटर लुकलुकतो का, तेही पाहू द्या. लुकलुकत असेल तर शोधा. टीव्ही, इंटरनेटचा डबा, चार्जर अशी झोपेचे सोंग घेतलेली मंडळी बहुधा सापडतील. सगळ्यांचे प्लग काढूनही लुकलुक थांबली नाही, तर मात्र वायरमनला बोलवावे.

दिवाळीत घराचा कानाकोपरा आपण झाडतो, डबे घासतो, जळमटे काढतो. त्यातच यंदा अर्धा तास प्लग आणि सॉकेटे पाहण्यासाठी ठेवावा. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी जमाखर्चाच्या वहीची पूजा करण्याची आपली जुनी रीत आहे. त्या वहीच्या एका पानावर घरातील प्रत्येक वस्तूचे नाव, तिचे वॅट, तिचे अँपिअर आणि ती कोणत्या सॉकेटवर लागते, एवढे लिहून ठेवले, तर वर्षभर ते पान उपयोगी पडेल. गीझरसमोर ६ अँपिअरचे सॉकेट लिहिलेले दिसले, की पुढे काय करायचे ते कोणी सांगावे लागणार नाही.